गिटारचा डबा

आमचा दादा ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. गणपती, सत्यनारायण, हळदी, जिथे बोलावणं येईल तिथे. पण तो साथीला, मागे खुर्चीत बसून. पुढे उभं राहून वाजवणारा मेन गिटारिस्ट वेगळा. त्याच्याकडे बाहेरच्या देशातून आलेला फझचा डबा होता. पायाने खटका दाबला की गिटारचा गोड आवाज फाटायचा, करवतीसारखा करकरायचा, आणि पब्लिक शिट्ट्या मारायचं. डबा तो पिवळ्या फडक्यात गुंडाळून ठेवायचा. कुणी हात लावायचा नाही.

मी तेव्हा अंधेरीला कारखान्यात लागले होते. लांब टेबलाला आम्ही सगळ्या बायका, प्रत्येकीच्या हातात सोल्डरिंग आयर्न. बोर्ड समोर आला की आपल्या वाट्याचे वितळत्या शिशाचे टाके मारायचे आणि पुढे ढकलायचा. माल सगळा परदेशी जायचा. तो कशात बसतो, चालू झाल्यावर काय करतो, हे आम्हाला कधी कोणी सांगितलं नाही. पण टाका कच्चा की पक्का, ते मला बघताक्षणी कळायचं. पक्का चकाकतो, कच्चा राखेसारखा दिसतो.

गोरेगावच्या एका शाळेच्या हॉलमध्ये रविवारी सकाळी ऑर्केस्ट्राची प्रॅक्टिस असायची. एकदा दादाचा जेवणाचा डबा द्यायला गेले तर सगळे घोळका करून उभे. फझ बंद पडला होता. बॅटरी बदलून झाली, थापट्या मारून झाल्या.

"उघडा ना, बघते मी," माझ्या तोंडून निघून गेलं.

मेन गिटारिस्ट म्हणाला, "ताई, हे काय शिलाई मशीन आहे का?"

"बघू दे रे तिला," दादा म्हणाला. "आठवडाभर तेच करते ती."

झाकण उघडलं आणि मी चाटच पडले. दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टन्स आणि कंडेन्सर. बस! ज्याची एवढी मिजास तो हा? वायर खोचायच्या सॉकेटपाशी एक टाका राखेच्या रंगाचा झाला होता. मेन गिटारिस्ट डबा घरी नेऊ देईना, म्हणून मीच दिंडोशीला घरी जाऊन माझं आयर्न घेऊन आले. एक टाका मारला. खटका दाबताच ॲम्प्लिफायर गरजला. तो माणूस "थँक्यू" म्हणायचंही विसरला. पण आयर्न तापेपर्यंतच्या वेळात मी कॅलेंडरच्या पानामागे आतली सगळी जोडणी उतरवून घेतली होती.

दादासाठी तसाच डबा करायचा म्हणून पुढच्या सुट्टीला सुटे भाग आणायला लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेले. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "भावाला पाठव, त्याला कळेल काय पाहिजे ते." मी ऐकलंच नाही, यादी वाचत राहिले. त्याने पुडी बांधायला घेतली तेव्हा एक रेझिस्टन्स उचलून परत दिला. "तिसरा पट्टा लाल सांगितला होता. हा नारिंगी आहे. दहापट फरक पडतो." त्याने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, मग स्टूल पुढे सरकवलं.

बाबांचा जुना ॲल्युमिनियमचा जेवणाचा डबा होता, त्यात सगळं बसवलं. भोकं बाबांनीच पाडून दिली. त्यांची मिल बंद झाल्यापासून ते घरात फारसं बोलत नसत. त्या दिवशी मात्र ड्रिल थांबवून दोनदा म्हणाले, "मोजून सांग गं, परत पाडता यायचं नाही."

रविवारी सगळ्यांसमोर दादाने खटका दाबला. ॲम्प्लिफायरमधून एक गृहस्थ कांद्याची रोपं कशी लावावीत ते सांगू लागले! डबा रेडिओ पकडत होता. हॉलभर हशा पिकला. "ताई, गिटार सांगितली होती, शेती नाही!" मेन गिटारिस्ट ओरडला. मीही हसले, पण कान तापले होते. घरी आल्यावर धड जेवलेही नाही.

सोमवारी कारखान्यात मान खाली घालून टाके मारत होते आणि एकदम दिसलं. आमच्या बोर्डावर नाजूक सिग्नलच्या वायरला नेहमी तांब्याच्या जाळीचं अस्तर असायचं. मी डब्यात साधी वायर घातली होती. तशी जाळीची वायर आणून बसवली, जाळीचं टोक डब्याला जोडलं, झाकणालाही अर्थिंग दिलं. कांदेवाले गृहस्थ गप्प झाले ते कायमचे.

मग वर्सोव्याच्या कोळीवाड्यात हळद होती. संध्याकाळची वेळ, मांडवात बायका नाचायला उभ्या. दादा पहिल्यांदाच खुर्ची सोडून पुढे आला. मी भिंतीला टेकून उभी होते. त्याने खटका दाबला आणि आवाज असा जाड, असा फाटका, असा भरदार निघाला की नाचणाऱ्या बायकांनी हात वर करून किंकाळीच मारली. कारखान्यात मी हजारो टाके मारले होते. पण मारलेला टाका असा गाताना ऐकला तो त्या दिवशी. दादाने तीच ओळ तीनदा वाजवली, पब्लिक सोडेचना.

गाणं संपल्यावर मेन गिटारिस्ट माझ्याजवळ आला. "माझ्यापेक्षा जाड आहे गं याचा आवाज," तो म्हणाला. "मला एक करून देशील?"

तिकडे नवरदेवाची आत्या दादाला विचारत होती, डबा कुठून आणला म्हणून. दादाने माईकच हातात घेतला. "हा आवाज आमच्या बहिणीने बनवलाय. ती बघा, तिकडे भिंतीपाशी." सगळा मांडव वळून बघायला लागला. मला पळून जावंसं वाटलं, आणि तिथून हलूही नये असं वाटलं.

त्यानंतर मी बरेच डबे केले. मुलुंडला, बोरिवलीला, कुठे कुठे गेले. एकदा घाटकोपरहून दोघे गिटारवाले पत्ता विचारत घरी आले. मी कामावर होते. त्यांनी दारातून विचारलं, "गिटारचे डबे बनवणारे मिस्त्री इथेच राहतात ना?"

आई मासे साफ करत होती. हात न थांबवता आपल्या मालवणीत म्हणाली, "मिस्त्री नाय. माझा चेडू करता ते डबे, माझी लेक. बसा, येतला इतक्यात कामावरसून."