शेवटचं रीळ

तंबू टॉकीजवाल्यानं आम्हांला फसवलं. सिनेमाचं शेवटचं रीळ त्यानं आमच्या गावच्या माणसांना दाखवलंच नाही, आणि त्यामुळे माझी हाताशी आलेली नोकरी गेली. हे मी आज पहिल्यांदा सांगत नाही. पण मी सांगायला लागलो की लोक हसतात, म्हणून आता लिहून ठेवतो.

लढाईची वर्षं होती. मी सोळा वर्षांचा होतो. आमचं गाव खर्ड्याच्या अलीकडे दोन कोसांवर. नगरला लष्कराच्या गोदामात माणसं घेतात असं कळलं, म्हणून कोळशावर चालणाऱ्या मोटारीत बसून मी चौकशीला गेलो. तिथल्या कारकुनानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि सांगितलं, गावच्या पाटलाकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला आण, मग बघू. मोटार सुटायला वेळ होता. थिएटरात दुपारचा खेळ लागला होता, तो मी पाहिला.

त्या वेळच्या सिनेमात आमच्या वयाचा पोरगा दोनच प्रकारचा असे. एक आईच्या पदराला धरून रडणारा, नाहीतर बिड्या ओढून घराणं बुडवणारा. हा पोरगा दोन्हींतला नव्हता. कापडाच्या दुकानात कामाला होता. मालकाचं सोन्याचं घड्याळ हरवतं आणि सगळे याच्याकडे बोट दाखवतात. कारण काय, तर वय. तो रडत नाही, पळून जात नाही, शपथा घेत नाही. दुकानाची किल्ली काढून घेतात तर समोरच्या पायरीवर येऊन बसतो. रोज बसतो. कोण येतं, कोण जातं, कुणाचा हात कुठे जातो, हे नुसतं बघत राहतो. पोरांना रोज उपदेश करणारा म्हातारा मुनीमच चोर आहे हे त्याच्या ध्यानात येतं, आणि मुनिमाच्या घरातून तो घड्याळ काढून आणतो. शेवटी सगळं उघड होतं, मालक पाठ थोपटून किल्ली पुढे करतो, तेव्हा पोरगा किल्ली घेत नाही. एवढंच विचारतो, "घड्याळ सापडलं नसतं तर?"

मी खुर्चीत ताठ बसलो होतो. माझ्या वयाच्या माणसानं मोठ्यांना प्रश्न विचारलेला मी तोवर पाहिला नव्हता.

गावी आलो तर पाटील दाखला देईना. महिन्यापूर्वी त्याच्या विहिरीवरच्या मोटेचा नवा नाडा, म्हणजे जाड दोर, चोरीला गेला होता. कुणी नेला हे कुणालाच माहीत नव्हतं, पण मिसरूड फुटणाऱ्या सगळ्या पोरांवर त्याचा वहीम होता. माझ्यावर जास्त, कारण मी उलट बोलायचो. मी चार वेळा चावडीवर गेलो. चारही वेळा त्यानं पान लावता लावता तेच सांगितलं, या वयाच्या पोराची हमी देव पण देनार न्हाई.

तेवढ्यात खर्ड्याला तंबू टॉकीज आली, आणि खेळ तोच. मला वाटलं, आता पाटील माझ्या हातात आला. मी चावडीवर चार माणसांदेखत सौदा केला. म्हटलं, "पाटील, येवढा खेळ बघा. बघूनबी संशय ऱ्हायला, तर दाखला मागायला येनार न्हाई."

"ठरलं?"

"ठरलं."

सौद्यात बोलायचं किती आणि शब्द कुठला वापरायचा, हे मी पुढे शिकलो. त्या दिवशी आलं नव्हतं.

दिवेलागणीच्या खेळाला पाटील तीन गाड्या जुंपून गावची माणसं घेऊन गेला. खेळ छान चालला. पोरगा पायरीवर बसला तेव्हा बायकांच्या बाजूनं हळहळ ऐकू आली. पाटीलही चुळबुळ न करता बघत होता. पोरगा अंधारात एका घराची भिंत चढला, आत गेला, घड्याळ हातात घेऊन बाहेर आला; घर मुनिमाचं हे शेवटच्या रिळातच कळतं. आणि पडदा पांढरा झाला. बत्त्या लागल्या. माणसं उठून धोतरं झटकायला लागली.

पाटील माझ्याकडे वळला. "घड्याळ कुनाच्या हातात हाय, बघितलंस नव्हं?"

मी सांगितलं की खेळ अजून आहे, मी नगरला पुरा पाहिलाय, चोर मुनीम आहे. पाटील म्हणाला, म्हंजे तू नगरला शिनेमे बघाया जातोस, ते आमाला आज कळलं. मागून कोणीतरी म्हणालं, चोराला वकील लई बेस मिळाला. सगळे हसले.

मी मशीनवाल्याकडे धावलो. डबे रांगेनं ठेवलेले, त्यांवर खडूनं आकडे. शेवटचा डबा बंद होता. तो म्हणाला, इंजिनातलं तेल संपलं. इंजिन तर बाहेर धडधडत होतं. टॉकीजच्या मालकाला विचारलं तर तो म्हणाला, रीळ तुटलंय. एका रिळाची दोन कारणं! आणि मशीनच्या खांबाला टेकून पाटलाचा पुतण्या उभा होता. माझ्याच वयाचा. सगळे हसत होते, तो एकटा हसत नव्हता. दुपारी त्याला मशीनवाल्याबरोबर चहा पिताना मी पाहिलं होतं, तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी खर्ड्याचा एक तेली भेटला. त्यानं त्याच रात्रीचा दुसरा खेळ पाहिला होता. त्याला मुनीम माहीत होता, किल्ली माहीत होती, पोराचा प्रश्नही माहीत होता. म्हणजे रीळ धड होतं आणि तेलही होतं. मी त्या तेल्याला घेऊन चावडीवर गेलो. पाटलानं त्याचं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, "तू म्हनालास, बघूनबी संशय ऱ्हायला तर. मी बघितलं. संशय ऱ्हायला."

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, नाडा आधी तुमच्याच घरात शोधा. तेवढं बोललो नसतो तर कदाचित काही झालं असतं. पण बोललो.

आठ दिवसांत पुतण्या दाखला घेऊन नगरला गेला आणि गोदामात लागला. मी कागदाशिवाय नगरला आलो, डोक्यावर घोंगड्या घेऊन दारोदार फिरलो, आणि आज त्याच शहरात माझं दुकान आहे. ते कुणाच्या हमीवर उभं राहिलेलं नाही.

तो पुतण्या आता पेन्शनीत आहे. थंडी पडली की दुकानात येतो, घोंगडी हातानं दाबून बघतो आणि एका गावचे म्हणून भाव कमी करायला सांगतो. मी एक पैसा सोडत नाही. बायको म्हणते, तुमच्याजवळ पुरावा काय? चहाच प्यायला ना तो? पाटलानं तुमच्यावर घेतला तसाच संशय तुम्ही त्याच्यावर घेताय. या बोलण्यावर मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. मग विचार केला. पाटलानं मला कधी विचारलंच नाही, नाडा तू नेलास का म्हणून. सरळ ठरवून टाकलं. मी निदान विचारतो आहे.

टॉकीजवाला कुठला होता ते माहीत नाही, पाटील वारला. उरला तो एकटा. तेव्हा त्यानं घोंगडीचा भाव विचारायच्या आधी माझ्या गादीसमोर बसावं आणि सांगावं: तो डबा बंद ठेवायला मशीनवाल्याला कुणी सांगितलं? त्यानं सांगितलं असेल तर तसं म्हणावं. सांगितलं नसेल, तर सगळे हसत असताना खांबाला टेकून तो गप्प का होता, याचं उत्तर द्यावं.