पाहुण्याची गिटार

चोरीला गेलेली वस्तू बगलेत घेऊन चोरीची रपट लिहवायला आलेला माणूस मी सगळ्या नोकरीत एकच पाहिला. त्यानंतरचे चार दिवस झाशीत माझी जी धावपळ झाली, ती आठवली की आजही मी खुर्चीत ताठ होऊन बसतो.

शहरातल्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. बुधवारी सकाळची हजेरी नुकतीच आटोपली होती. रपटा लिहिणारा मुन्शी हसू दाबत आत आला आणि म्हणाला, "साहब, एक फौजी साहब चोरी लिखाने आए हैं। माल साथ में है।"

फौजी म्हणजे सैन्याच्या बँडमधून निवृत्त झालेले सुभेदार. मूळचे साताऱ्याकडचे, झाशीजवळच्या बबीना छावणीत बदली होऊन आले आणि पुढे प्रेम नगरात घर बांधून इथलेच झाले. त्यांच्या मागोमाग त्यांची पत्नीही आली होती. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या झाशीतलं. घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी, अशी आमची रीत. त्यामुळे ठाण्यात मराठी कानावर पडली की मला बरं वाटायचं. मी सुभेदारांना खुर्ची दिली. त्यांची पत्नी, म्हणजे काकू, बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या.

सुभेदारांनी पेटी उघडली. आत लाल रंगाची इलेक्ट्रिक गिटार होती. "ही आमची नाही," ते म्हणाले. "आमची कोणीतरी नेली आणि ही ठेवली."

मग त्यांनी सगळी हकीकत सांगितली. बावीस वर्षांपूर्वी एक परदेशी तरुण खजुराहोला जाताना झाशी स्टेशनवर तापाने कोसळला होता. सुभेदारांनी त्याला घरी आणलं आणि काकूंनी पंधरा दिवस मेतकूट-भात खाऊ घालून उभा केला. तो निघाला तेव्हा अंगात गिटार उचलण्याचं त्राण नव्हतं. परत येईन तेव्हा नेईन, असं म्हणून ती इथेच ठेवून गेला. पुढे कळलं की तो जगभर गाजलेला रॉक गिटारवादक होता. तो परत आला नाही, आता तर तो हयातही नव्हता. त्याच्या मुलीला वडिलांच्या कागदांत सुभेदारांचा पत्ता सापडला होता आणि ती रविवारी झाशीला पोहोचणार होती. अशा गिटारी मोजक्याच बनल्या होत्या. त्यात ही त्याने मोठमोठ्या मंचांवर वाजवलेली, म्हणजे परदेशी संग्राहकांच्या डोळ्यांत भरणारी. स्थानिक वर्तमानपत्राने महिन्याभरापूर्वी फोटोसकट बातमी छापून सगळ्या गावाला ते सांगून टाकलं होतं.

"मला ती ठेवून घ्यायची नाही साहेब," सुभेदार म्हणाले. "पण रविवारी तिच्या हातात ही दिली, तर ती म्हणेल म्हाताऱ्याने खरी विकून खाल्ली."

खरं सांगतो, माझा पुरता विश्वास बसला नव्हता. पण खोटी रपट लिहवणारा चोराचं वर्णन भरभरून करतो आणि ज्याचं खरंच गेलं आहे तो वस्तूबद्दल बोलतो, एवढं मी शिकलो होतो. सुभेदार चोराबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. पेटी पुसायला म्हणून उचलली आणि वजन हाताला वेगळं लागलं, एवढंच ते पुनःपुन्हा सांगत राहिले. मी रपट लिहायला सांगितलं. मुन्शीने कपाळाला हात लावला आणि लिहिली.

महिन्याभरात घरी कोण कोण आलं, ते विचारलं. बातमी वाचून आलेल्या लोकांत स्वतःची गिटार घेऊन आलेला एकच होता. ग्वाल्हेरचा आहे म्हणाला, दोन्ही गिटारींचा एकत्र फोटो काढायचा होता. सुभेदार जुना अल्बम आणायला आत गेले होते आणि काकू चहा ठेवत होत्या. एवढा वेळ त्याला पुष्कळ झाला.

गुरुवारी मी बड्या बाजारातल्या वाद्यांच्या दुकानदाराला गाठलं. हा माणूस माझा जुना खबरी, पण खबर देण्याआधी अर्धा तास महागाईवर बोलायचा. त्या दिवशी तेही ऐकून घेतलं. अखेर तो म्हणाला की ग्वाल्हेरच्या ऑर्केस्ट्रातल्या एका वादकाने त्याच्याकडून एका जुन्या गिटारीला हुबेहूब लाल रंग लावून घेतला होता. बातमीतला फोटो दाखवून, ओरखड्यांसकट. हा वादक शुक्रवारी जवळच्याच समथर गावातल्या एका लग्नात वाजवणार होता आणि तिथून थेट दिल्लीला जाणार होता.

शुक्रवारी दुपारी आम्ही साध्या कपड्यांत समथरला पोहोचलो. मांडवात तालीम चालू होती. तो वादक एका साध्या काळ्या गिटारीवर वाजवत होता, पण त्याची नजर बाहेर उभ्या असलेल्या स्वतःच्या जीपगाडीच्या मागच्या सीटवर ठेवलेल्या कुलूपबंद पेटीकडे वारंवार जात होती. स्वतःची उत्तम गिटार पेटीत ठेवून साधी वाजवणारा वादक पाहिला आणि मी सरळ त्या जीपकडे गेलो. पेटी उघडली. आत लाल गिटार. मला तर वरातीशिवायच नाचावंसं वाटलं.

पण ठाण्यात आल्यावर गाडी अडली. वादक पक्का होता. चहा प्यायला, पाय पसरून बसला आणि दिल्लीच्या दुकानाची पावती पुढे केली. सुभेदारांच्या घरी गेलो होतो, पण आपलीच गिटार परत आणली, असं तो म्हणत राहिला. "दोनों रख दीजिए साहब, पूछिए इनकी कौन-सी है," तो म्हणाला. रोज ठाण्यात येऊन बसणाऱ्या सुभेदारांनी बरोबर बोट दाखवलं, पण का, ते त्यांना सांगता येईना. हाताला कळतं, हे काही कोर्टात चालणारं उत्तर नव्हतं. नंबर नोंदवलेला नव्हता, आणि खबरी दुकानदाराला साक्षीला पुढे करता येत नव्हतं. दोन तास मी त्याला उलटसुलट विचारलं, तो तसूभर हलला नाही. माझा धीर सुटत चालला होता.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "भैया, मी बोलू का?"

काकू उभ्या होत्या. हातात शिवणयंत्राचा छोटा पेचकस. नवऱ्याकडे न बघता त्या म्हणाल्या, "दोन्हींच्या पाठीवरचं पांढरं झाकण उघडा."

मी दोन पंचांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर आधी घरी ठेवून गेलेल्या गिटारीचे सहा स्क्रू काढले. आत स्प्रिंगा आणि कोरं लाकूड. मग दुसरीचं झाकण उचललं. आत हळदीकुंकवाचे थरावर थर होते, आणि एका कोपऱ्यात वाळून काळी पडलेली झेंडूची पाकळी.

"खंडेनवमीला घरातली सगळी वाद्यं पूजेला बसतात," काकू म्हणाल्या. "तेवढं एकटं पेटीत कसं ठेवायचं? पाहुण्याचं असलं म्हणून काय झालं?"

सुभेदार आ वासून बघत राहिले. "हात लावायचा नाही म्हणून सांगितलं होतं ना?"

"पुढून नाही लावला."

मुन्शी फिस्सकन हसला आणि मीही. वादकाचे पाय मात्र आपोआप खुर्चीखाली गेले. मूळचे स्क्रू फिरवले तर संग्राहकांच्या लेखी किंमत घसरते, म्हणून त्याने झाकणाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. काकू दर वर्षी तेच उघडत होत्या. पाच मिनिटांत त्याने सगळं कबूल केलं.

शनिवारी कोर्टाच्या पायऱ्या मी धावत चढलो आणि गिटार सुभेदारांच्या ताब्यात देण्याचा हुकूम घेऊन धावतच उतरलो. रविवारी फलाटावर ती मुलगी उतरली. सुभेदारांनी पेटी तिच्या हातात दिली आणि मिळाल्याची सही मागितली. इतक्या वर्षांत तुम्ही ही वाजवलीत का, असं तिने विचारलं. "नाही," ते म्हणाले. "माझी नव्हती." मी ते तिला इंग्रजीत सांगितलं. तिने पेटी खाली ठेवली, त्यांचे दोन्ही हात धरले आणि रडू लागली. सुभेदार सावधान उभे होते, पण त्यांचेही डोळे वाहत होते.

परतताना मी काकूंना विचारलं की हे बुधवारीच का नाही सांगितलंत.

"ह्यांच्यासमोर आपणहून कशी सांगू? कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही ह्यांना विचारलंत, दुकानदाराला विचारलंत. मी तीन दिवस बाकावरच होते, भैया."

त्या अगदी सहज बोलल्या, रागाने नाही. मला मात्र जीपमध्ये मान वर करवेना. सराईत खबऱ्याची महागाई मी अर्धा तास ऐकली होती आणि जिने ती गिटार बावीस वर्षं सांभाळली, तिला नावसुद्धा विचारलं नव्हतं. शुक्रवारीही त्या दारातून बोलल्या नसत्या तर एका सच्च्या माणसाचं तोंड माझ्या चुकीने काळं झालं असतं. वरिष्ठांनी त्या तपासाबद्दल मला शाबासकी दिली. मी ती घेतली, आणि दुसऱ्या दिवशी व्हरांड्यातला बाक उचलून आत, माझ्या टेबलासमोर ठेवायला लावला.