उत्पन्नाचा रकाना

चार मजली इमारतीच्या जिन्याखाली, जिथे एरवी मोडक्या खुर्च्या ठेवतात, तिथे शेठचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक बाक, एक पायाने चालणारं शिलाई मशीन आणि चेनी-रनरांनी भरलेले बिस्किटांचे डबे. बॅगांच्या तुटक्या चेनी दुरुस्त करणाऱ्याला कोण शेठ म्हणेल? समोरच्या झेरॉक्सवाल्याने पहिल्यांदा म्हटलं ते चेष्टेने. चेष्टा जुनी झाली, नाव तेवढं राहिलं. खोटं कशाला सांगा, शेठना ते आवडायचंही.

पण शेठ म्हणवून घ्यायचं तर त्याचा खर्च आलाच. गल्लीच्या टोकाच्या कॉलेजात फीच्या खिडकीत बसणाऱ्या बाई त्यांच्या सहा वर्षांच्या गिऱ्हाईक. त्यांच्या काळ्या बॅगेची चेन दर दोन-तीन महिन्यांनी बिघडायची. शेठ रनर नवा घालायचे, दातांवर मेणबत्ती घासायचे आणि बाईंनी पाकीट काढलं की हात हलवायचे, "राहू द्या हो बाई! तेवढ्यात काय मी बंगला बांधणार आहे?" रनर शेठना कुणी फुकट देत नव्हतं. पण जाता जाता बाई म्हणायच्या, "तुमचं बरंय शेठ. वर साहेब नाही, कुणाचं बोलणं नाही." एवढं ऐकायला रनरची किंमत त्यांना जास्त वाटत नसे.

मग शेठच्या मुलीचा त्याच कॉलेजात फार्मसीला नंबर लागला. फीचा आकडा शेठनी दोनदा विचारून घेतला. मुलगी मात्र खमकी. घरचं वर्षाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर फी माफ होते, हे तिनेच शोधून काढलं. अर्ज आणला, भरला, वडिलांच्या धंद्यापुढे 'स्वतःचा व्यवसाय' असं लिहिलं आणि एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाली, "बाबा, इथे वर्षाचं उत्पन्न लिहा, खाली सही करा आणि खिडकीजवळच्या पेटीत टाका. मला दाखले आणायला जायचंय."

शेठनी हिशेब मांडला. रोजचे हजार, वर्षाचे सव्वातीनशे दिवस, झाले सव्वातीन लाख. चेनी, रनर, दोरा, जिन्याखालच्या जागेचं भाडं हे सगळं त्यातून वजा करायचं असतं, हे त्यांना कधी कुणी सांगितलं नव्हतं. डब्यात येईल ते उत्पन्न आणि जाईल ते नशीब, असाच त्यांचा आजवरचा हिशेब. इथवरची चूक आपण अज्ञान म्हणून पोटात घालू.

पुढची घालता येत नाही. आकडा दोन लाखांच्या वर गेला, हे शेठना दिसत होतं. मुलीला विचारावं असं मनात आलंही. पण कागद वाचणार कोण, तर खिडकीतल्या बाई. त्या वाचणार आणि म्हणणार, अरे, हे शेठ तर माफीच्या यादीतले! तेवढ्या विचारानेच त्यांचे कान गरम झाले. आपली पोरगी हुशार आहे, थोडं वर गेलं म्हणून हुशार पोरीला कोण नाही म्हणेल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. शेठनी ती सव्वातीन लाखाची केली आणि अर्ज पेटीत टाकला.

पंधरा दिवसांनी, उत्पन्न दोन लाखांच्या वर म्हणून, अर्ज नामंजूर झाला. चार दिवसांत पूर्ण फी भरा, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल, असं पत्रात होतं.

"बाबा, ह्यांनी कुणाचा तरी दुसऱ्याचाच आकडा आपल्याला लावलाय. चला, मी बोलते."

"जाऊ दे गं. बघू काहीतरी."

"काय बघू?"

शेठ तिच्या मागून गेले आणि खिडकीपासून दोन पावलं मागे, खांबाच्या आडोशाला उभे राहिले. मुलगी भांडली. बाईंनी शांतपणे अर्ज काढून काचेला लावला.

लांब शेपटीचा तो तीनचा आकडा मुलगी लहानपणापासून बिस्किटांच्या डब्यांवर बघत आली होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. "सॉरी मॅडम," ती म्हणाली, "हा रकाना मीच भरला. माझं चुकलं."

बाई तापल्या. "उद्या औषधांची मापं करायची आहेत ना तुला? एक रकाना धड भरता येत नाही!" रांगेतलं कुणीतरी हसलं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते शेठना तिथे कळलं. पोरगी आपल्या वाटणीचं ऐकून घेतेय आणि आपण खांबामागे उभे आहोत, ह्याची त्यांना मनापासून लाज वाटली, आणि तरी ते गप्पच राहिले.

"वडील आलेत का?" बाईंनी विचारलं. "त्यांना खरं उत्पन्न सांगू दे. खर्च जाऊन हातात उरतं ते. दुसऱ्या अर्जावर सही करा, आज घेते."

आता पुढे जाणं भागच होतं. "अरे शेठ? ही तुमची मुलगी?" बाईंनी चष्मा वर सरकवला. मुलीने कागदाच्या मागे एकेक खर्च विचारून वजा केला आणि उरलेला आकडा वडिलांपुढे धरला. शेठ तो पुटपुटले.

"काचेतून ऐकू येत नाही. मोठ्याने सांगा."

"एक लाख चाळीस हजार," शेठ म्हणाले. सगळ्या रांगेने ऐकलं.

"मग हिने सव्वातीन कुठून आणले?"

"हिने नाही. मी लिहिले."

"का हो?"

"तुम्ही वाचणार होतात म्हणून."

बाईंच्या हातातला शिक्का तसाच राहिला. मग त्या हळूच म्हणाल्या, "शेठ, मला तर तुमचं नावसुद्धा माहीत नव्हतं. अर्जावर वाचूनही तुम्ही लक्षात आला नाहीत."

फी माफ झाली. परतताना शेठनी मुलीला विचारलं, "तू कशाला स्वतःवर घेतलंस?"

"तुम्हाला रोज ह्याच गल्लीत बसायचंय ना बाबा," ती म्हणाली.

महिन्याभराने बाई काळी बॅग घेऊन आल्या. शेठनी रनर बदलला, मेणबत्ती घासली. बाईंनी पाकीट काढलं आणि शेठचा हात सवयीने वर गेला, "राहू द्या" म्हणायला. तो तसाच थोडा वेळ वर राहिला. मग त्यांनी तो पुढे केला आणि मान खाली घालूनच, सहा वर्षांत पहिल्यांदा, बाईंना रनरची किंमत सांगितली.