तलाव साफ केला त्याची गोष्ट

मास्तरकीच्या अख्ख्या नोकरीत मी पोरांची नखं तपासली. कुठे पसारा दिसला की माझं डोकं फिरतं, आणि निवृत्त झालो तरी ही खोड गेली नाही. करडीजवळच्या आमच्या गावाने मला सारस समितीचा अध्यक्ष केलं, तेव्हा हे कुणीतरी लक्षात घ्यायला हवं होतं.

समितीचं काम साधं होतं. सारस पक्षी तलावावर यावेत म्हणून लगतच्या शेतकऱ्यांनी धानावर फवारणी करायची नाही, आणि ते धान राईस मिलच्या मालकाने चार पैसे जास्त देऊन घ्यायचं. तांदळाच्या पिशवीवर सारसाचं चित्र असायचं. पक्ष्यांवर लक्ष ठेवायची मासे धरणारी एक वहिनी. तिचा डोंगा रोज पाण्यात असे. तिसऱ्या वर्षी एक जोडी आली. तलावात घरटं केलं, दोन अंडी घातली. मी गावभर पेढे वाटले.

मिलमालक बघायला येणार असं कळलं आणि मी कंबर कसली. पाहुणा येणार म्हटलं की आमच्याकडे आधी अंगण सारवतात. वहिनी लेकीकडे सिहोऱ्याला गेली होती. तिला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही. पंधरा माणसं पाण्यात उतरवली आणि तलावात आपोआप उगवणारं रानटी भात, आमच्याकडचं देवधान, दिवसभर कापून काढलं. घरट्याला कुणी बोट लावलं नाही. मीच काठावरून ओरडत होतो, "घरट्याले सांभाळा रे!" संध्याकाळी नितळ पाणी बघून माझी छाती फुगली. आता घरटं कुठूनही दिसत होतं, म्हणजे पाहुण्यांना फोटो छान मिळणार होता.

सकाळी मांडवात खुर्च्या लागत होत्या. वहिनी एसटीतून उतरली ती थेट तलावाच्या पाळीवरून धावतच आली, डोंगा घेऊन घरट्यापाशी गेली आणि परतली.

"देवधान काहून कापलं जी, गुरुजी?"

"पाहुणे येऊन राहिले ना," मी म्हणालो.

"बाई तरी उघड्यावर बाळंत होते का? उडून गेले ते दोघंबी. एक अंडं कावळ्यायनं फोडलं. हे धरून पाहा."

तिने दुसरं माझ्या हातात दिलं. थंडगार होतं. विषाचा थेंब नाही, एक दगड नाही, नुसती साफसफाई करून मी त्यांना हाकललं होतं.

तेवढ्यात गाडी आली आणि माईकवरून अध्यक्षांना बोलावणं झालं. मालकाने तलावावरून नजर फिरवली, "वा गुरुजी, किती स्वच्छ!" म्हणाला आणि माझ्या खांद्यावर शाल घातली. टाळ्या पडल्या. वहिनी समोरच उभी होती. अंड्याचा हात मी पाठीमागे नेला आणि म्हणालो, "धन्यवाद."