कचेरीत घेतलेलं नाव

बनुबाई माझी, या मरियाची, शेजारीन. तिनं नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं न्हाई. नाव घेतलं की धन्याचं आयुष्य कमी हुतं, असं तिच्या आईनं लहानपनीच मनात भरवल्यालं. लग्नातसुद्दा उखाण्याला अडून बसल्याली. आमी बाया तिला लई चिडवायचो.

बाहत्तरचा दुष्काळ. तिच्या घरची जमीन धरनात गेल्याली, बदल्यात नेवाशाकडं दुसरी मिळनार हुती. तिचा नवरा, सहादेवभाऊ, खडी फोडताना पाय मोडून घरात पडल्याला. ती जमीन मिळाली तर दोघं जगनार, न्हाईतर बनुबाईच्या नशिबी जन्मभर खडी. म्हनून कचेरीत इचारायला तीच निघाली, मी सोबत गेले.

कारकून म्हनला, "कुणाच्या नावावर?"

"आमच्या मालकांच्या."

"मालकाला नाव नाही का?"

"चिंचंपाशी हीर हुती न्हवं, ती आमचीच. सारा गाव सांगल."

"गाव नको, नाव सांग."

मी म्हनले, "सहादेव आसाराम." तर माझ्यावरच खेकसला, "शेजारणीला माहिती देत नाही. बाईनं सांगावं." मुडदा बशिवला त्याचा! मागं रांगेतली मान्सं फिदीफिदी हसत हुती.

बनुबाई पदर तोंडाशी धरून, भिताडाकडं बघत म्हनली, "सहादेव." मग सासऱ्याचंबी नाव घ्यावं लागलं.

कारकुनानं पानं उलटली आन् मान वर न करता वाचलं, "सहादेव आसाराम. मयत. वारस, भाऊ रंगनाथ. जमीन दिली."

बनुबाई वरडली, "सकाळी भाकर खाऊ घालून आले गं मी त्येंना!"

मी लई भांडले. मानूस जित्ता हाय, दिरानं खोटं सांगितलंय, म्हनले. कारकून म्हनतो, "जिवंत असेल तर तसा दाखला आणा."

घरी आलो तर सहादेवभाऊ बाजंवर बसून पानी मागत हुता. तिनं पानी दिलं आन् त्याच्या अंगाला हात लावून बघितला.

रंगनाथवर फिर्याद कर, मी साक्षीला येते, म्हनून किती डोकं फोडलं! न्हाईच गेली. पाय चिघळून सहादेवभाऊ त्याच साली गेला. रंगनाथ मातर त्या जमिनीत कांदा लावून मोकळा. माझ्या अंगाची नुसती आग हुती. दिवस घातल्यावर मी परत म्हनले, "बनुबाई, आता तरी त्या मेल्याला धर."

ती म्हनली, "दिरानं नुसतं मयत लिवून घेतलं, मरिया. नाव तर मीच घेतलं."