किरकोळ पंधरा रुपये

वाशीला हप्त्यावर घर मिळालं, त्या वर्षी आमच्या घरात शिस्त आली. हे रबाळ्याच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते आणि दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजून ह्यांचं समाधान होत नसे. हप्ता दोनदा चुकला, तिसऱ्यांदा चुकला तर घर जाईल असं पत्र आलं. तेव्हा ह्यांनी एक लांबलचक वही आणली, पट्टीने रकाने आखले आणि मला समोर बसवून बजावलं, "यापुढे या घरात एक पैसाही नोंदीशिवाय हलणार नाही."

पैसे हलायला आधी असावे लागतात, हे मी मनातच ठेवलं.

किराणा, दूध, वीज, हप्ता असे रकाने होते. ह्यांच्या आईला दरमहा पन्नास रुपये जात, त्या रकान्याचं नाव 'कर्तव्य'. ह्यांच्या सिगरेटी 'प्रवास' मध्ये बसत, कारण त्या बसची वाट बघताना ओढल्या जात. उरलेलं सगळं 'किरकोळ'. किरकोळ म्हणजे मी. माझ्या टिकल्या, सुया, डोकेदुखीच्या गोळ्या. शिस्त इतकी कडक की खाडीकाठच्या गावातून पाटी घेऊन येणाऱ्या बाईकडे ह्यांनी बोंबलांची पावती मागितली. ती म्हणाली, "दादा, म्हावरा खायाचा हाय का पावती?" त्या दिवशी आम्ही वांगं खाल्लं.

याच किरकोळमध्ये माझी आई होती. कोकणात एकटी, पाठीशी मुलगा नाही. मी तिला दर महिन्याला पंधरा रुपयांची मनीऑर्डर करत असे. लेकीचा पैसा ती मेली तरी घेणार नाही, हे मला ठाऊक होतं. म्हणून पाठवणाऱ्याच्या जागी मी ह्यांचं नाव घालत असे आणि खाली मजकुराच्या जागेत लिहीत असे, 'मुलगा समजून घ्यावे.' मग ती घ्यायची. तिचे तांदूळ त्यातून यायचे, आणि वहीत माझ्या टिकल्या वाढायच्या.

"महिन्याला एवढ्या टिकल्या?" ह्यांनी एका रविवारी विचारलं. "लावतेस कुठे?" मी काहीतरी पुटपुटले. त्याच आठवड्यात आईचं पोस्टकार्ड आलं, गावच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं, थेट ह्यांच्या नावाने. 'जावईबापू, पोटचा मुलगा करणार नाही एवढं तुम्ही दर महिन्याला करता.'

मला वाटलं, आता हे घर डोक्यावर घेणार. पण हे चक्क हेलावले. "अगं, मला सांगायचंस तरी," म्हणाले. "सासूबाईंना उपाशी ठेवणारा वाटलो का मी तुला?" लगेच पट्टी घेऊन 'कर्तव्य'चा रकाना मधोमध दुभागला आणि माझ्या आईला त्यात जागा दिली. मी भोळी, मला भरून आलं.

पण हिशेबनिसाला खोटी नोंद सोसत नाही. न केलेल्या खर्चाचं पुण्य आपल्या नावावर नको, म्हणून ह्यांनी मला न विचारता आईला सविस्तर पत्र लिहिलं. पैसे मी नव्हे, आपली कन्याच काटकसर करून पाठवत होती, धन्य ती, यापुढे तिच्याच नावाने येतील. पत्र पेटीत टाकून आल्यावर ह्यांनी मला ते अभिमानाने म्हणून दाखवलं. मी कपाळावर हात मारला.

"त्यात एक शब्द तरी खोटा आहे का?"

नव्हता ना. तेच तर झालं.

पुढची मनीऑर्डर माझ्या नावाने गेली आणि 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आली. पोस्टमनने दारात पंधरा रुपये माझ्या हातावर मोजले. पुढच्या महिन्यात ह्यांनी स्वतःच्या नावाने पाठवली, तीही परत आली. आता जावयाचं नाव कशाला पुढे केलंय ते तिला कळलं होतं. मी पत्रं लिहिली, रडून लिहिली, उत्तर आलं नाही.

ह्यांनी तीस रुपये जमेच्या बाजूला मांडले, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "बघ, या महिन्याचा हप्ता वेळेवर जातोय."

गेला. घर राहिलं, मी अजून त्याच घरात राहते. आई त्या पावसाळ्यात चुलीवर काय शिजवत होती, ते मात्र मला कुणी कधीच कळवलं नाही.