आधी लाल बटण

फ्रॉकचं एक टोक पंपाच्या जाळीत आणि दुसरं टोक माझ्या पोरीच्या मुठीत.

मी पंपरूमच्या दारात. पोरगी समोर, सहा-सात पावलांवर. दीड वर्षाची. आपला सुकत घातलेला पिवळा फ्रॉक ओढतेय आणि हसतेय, तिला वाटलं पलीकडून कोणतरी खेळतंय तिच्याशी. मोटार आणि पंपाच्या मधे एक जाड जोड असतो, कपलिंग बोलतात त्याला, तो गरागरा फिरतो, त्याच्यावर जाळी असते. फ्रॉकची लेस जाळीखालून त्याला घासत होती. धरायची, सुटायची. फट फट फट आवाज येत होता. नीट धरली असती ना, तर डोळ्याची पापणी लवायच्या आत फ्रॉक आत, आणि फ्रॉकच्या मागे मुठी.

माझ्या तोंडातून आवाजच निघाला नाय. पाय बोलत होते धाव. आणि हात, देवाशप्पथ, हात आपोआप उजवीकडे गेला. दाराच्या बाजूलाच पॅनल, पॅनलवर लाल बटण. मी त्याच्यावर थाप मारली. मग धावली.

मी पोहोचेपर्यंत मोटारीचा आवाज खाली बसत आला होता. जाता जाता त्या जोडाने फ्रॉक धरलाच, पण जीव नव्हता त्याच्यात. पोरीच्या हातातून हिसकला, दोन वेढे घेतले आणि थांबला. पोरगी ढुंगणावर आपटली आणि भोकाड पसरलं. मी तिची बोटं मोजली. दहा. परत मोजली.

तेवढ्यात वॉचमन धावत आला, बोलला, "अरे काय नाय झालं, थांब, मी काढतो फ्रॉक," आणि सरळ जाळीखाली हात घालायला लागला. तेव्हा फुटला माझा आवाज.

"हात नको घालू! ऑटोवर आहे तो!"

"बंद केलास ना तू?"

"दाबलेलं बटण कोणी परत वर ओढलं तर? वरची टाकी रिकामी आहे, आपोआप चालू होईल. हो बाजूला!"

पोरीला काखेत मारली, मेन स्विच खाली पाडला, त्याला कुलूप घातलं, चावी मुठीत. मग बसली मी खाली.

आता तुम्ही बोलाल, दीड वर्षाची पोर पंपापाशी आणलीसच कशाला? बरोबर आहे. त्या दिवशी पाळणाघर बंद होतं आणि सासूबाई दवाखान्यात रांगेत. अंधेरीतली आमची इंडस्ट्रियल इस्टेट, चार मजले गाळ्यांचे. खालच्या टाकीतलं पाणी पंपाने गच्चीवर चढवायचं, ते माझं काम. मी पोरीला कोपऱ्यात गोणीवर बसवली, कमरेला ओढणी बांधून ओढणी पाइपला बांधली. दारात गेली एवढ्यासाठीच की तिसऱ्या मजल्यावरून कोणतरी ओरडलं, पाणी येत नाय. गाठ सुटली.

आणि फ्रॉक? तो मीच ठेवलेला तिथे. सगळेच ठेवतात हो. मोटार गरम असते, वारा मारते, पावसाळ्यात कपडा अर्ध्या तासात खडखडीत. माझ्या आधीची झाडूवाली तिथे फडकी सुकवायची, वॉचमन बनियन सुकवतो. मीपण पोरीची दुपटी सुकवली आहेत त्या जाळीवर, कधी काय झालं नाय. पण त्याच्या दोन दिवस आधी मेकॅनिक येऊन गेला आणि त्याने जाळी नुसती वर ठेवली, चार बोल्टपैकी एकपण नाय लावला. मला दिसलं होतं. मी बोलली, लावीन उद्या. चूक माझी आहे, मी लपवत नाय.

मी सातवीपर्यंत शिकलेली. इथे झाडू मारायला लागली होती. पंप चालवायचे मामा, मालवणकडचे म्हातारे, गुडघे गेलेले. ते बसल्या जागेवरून सांगायचे आणि मी करायची. पंपात आधी पाणी भरून हवा काढ, सुका चालवू नको, जळेल. चालू करताना पुढचा वॉल्व बंद ठेव, दाबाचा काटा वर चढला की हळूहळू उघड, बंद ठेवून विसरू नको, आतलं पाणी उकळेल. शाफ्टपाशी, त्या फिरत्या दांड्यापाशी, थेंब थेंब गळतं ते गळू दे, त्यानेच तो थंड राहतो. मी एकदा शहाणपणा करून ते गळणं आवळून बंद केलं होतं, तर धूर निघाला. मामा बोलले, "गो चेडवा, तहान लागली त्याका, पाणी पिवूक दी."

आणि रोज, रोज हां, चहाच्या आधी, मला डोळे मिटायला लावायचे. खोलीत कुठेपण उभी करायचे. "लाल बटण खंय?" मी चाचपडत जायची. लागला हात की चहा. नाय लागला की परत. मी चिडायची, "मामा, आंधळी कोशिंबीर काय लावलीय?" ते बोलायचे, "आधी लाल बटण, मगे देव, मगे मी."

मामा गावी गेले. पंप माझ्याकडे आला.

घरी सासूबाईंना वॉचमननेच सांगितलं, मीठमसाला लावून. त्यांनी पोरीला मांडीवर घेतली आणि माझ्याकडे न बघता बोलल्या, "आईचं काळीज असतं तर आधी पोरीकडे धावली असतीस. तू मशीनकडे वळलीस."

मी बोलली, "आई, मशीनकडे वळली म्हणून तिची बोटं आहेत."

"तोंड चालतं तुझं."

ते लागलं मला. अजून लागतं. तरी दुसऱ्या दिवशी मी पाना घेतला, मेन स्विच पाडून कुलूप लावलं, जाळीचे चारही बोल्ट आवळले. वॉचमनची बनियन जाळीवरून उचलून त्याच्या हातात दिली. तो बोलला, "मोठी इंजिनियर झालीस गं!" मी बोलली, "झालीच. परत ठेवलीस तर फेकून देईन." पोरीला परत तिथे नाय नेली. आणि चहाच्या आधी अजून डोळे मिटते मी, एकटीच.

रात्री पोरगी माझं बोट धरून झोपते तेव्हा मी परत त्या दारात उभी असते. धावली असती तर सहा पावलं आणि पंप चालूच. बटण दाबलं तर एका थापेत पंप बंद, पण पोरीकडे क्षणभर पाठ. माझं उत्तर मला माहीत आहे, ते मी बदलणार नाय. पण तुम्हीपण आया आहात. बटण हाताशी, पोर समोर हसतेय. तुम्ही काय केलं असतं?